सात नंबरचा प्लग कधी लावायचा

माझ्या टेबलावर एक पिस्टन आहे, डोक्याला बरोबर मधोमध भोक पडलेला. त्यात मी पेनं ठेवतो. "रिमॅप मारलाय, आता कोल्ड प्लग टाकून द्या," असं म्हणत कुणी आत आलं की मी चहा सांगतो, आणि चहा येईपर्यंत तो पिस्टन त्याच्या हातात देतो. (रिमॅप म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचा, म्हणजे ईसीयूचा, प्रोग्रॅम बदलणं. कोल्ड प्लग म्हणजे थंड जातीचा स्पार्क प्लग, पेट्रोल पेटवायला ठिणगी पाडतो तो.) तो पिस्टन माझ्याच मारुती एस्टीमचा आहे. प्लग गरम पडला म्हणून भोक पडलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. त्या समजुतीपायी पुढे दुसराही पिस्टन गेला. तो मामानं भंगारात घातला, नाहीतर पेन्सिलींचीही सोय झाली असती.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गाड्यांची इंजिनं उघडतो. मामाच्या लेथच्या शेजारी दोन गाळे, मागं पत्र्याची शेड. गेल्या काही वर्षांत निम्मं काम टर्बो पेट्रोल गाड्यांचं झालंय, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला प्लगचा नंबर बदलायचा असतो. कुणाला खरोखर गरज असते, बऱ्याच जणांना नसते. कसं ओळखायचं आणि बदलायचाच झाला तर कसा बदलायचा, ते सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. थंड प्लग लावला म्हणून इंजिन थंड होत नाही. डॅशबोर्डवरचा टेम्परेचरचा काटा जिथं होता तिथंच राहतो. ताकदही वाढत नाही. प्लगच्या बाबतीत थंड आणि गरम म्हणजे एवढंच, की ठिणगी पडते त्या टोकावरची उष्णता तो किती लवकर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, सोडून देतो.

लोहाराच्या भट्टीत सळई धरलीय आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बादलीत आहे, असं समजा. सळई आखूड असेल तर टोकाची ऊब चटकन पाण्यात जाते, टोक लाल व्हायला वेळ लागतो. लांब असेल तर टोक लवकर लालभडक होतं. प्लगच्या आतली पांढरी चिनीमातीची नळी म्हणजे ही सळई, आणि प्लगची लोखंडी बॉडी, आटे, वॉशर, हेड ही बादली. गरम प्लगात चिनीमातीचं नाक लांब असतं आणि ते बॉडीला खूप आत जाऊन टेकतं. थंड प्लगात नाक आखूड. दोन प्लग उलटे धरून टोकाकडून आत बघा, फरक डोळ्यांना दिसतो.

हे टोक साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं पाहिजे. ४५० च्या खाली राहिलं तर त्याच्यावर बसलेला कार्बन जळत नाही. कार्बन विजेचा वाहक. तो चिनीमातीवर साचला की करंट ठिणगी न होता त्याच्यावरून सरकून बॉडीत उतरतो आणि गाडी मिसिंग करते, म्हणजे मधेच ठिणगी चुकून हिसका खाते. ८५० च्या फार वर गेलं तर टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगीची वाट न बघता मिश्रण आधीच पेटवतं. याला प्री-इग्निशन म्हणतात. पिस्टन वर येत असताना जाळ त्याच्या डोक्यावर बसतो, आणि भोक पडायला काही सेकंद पुरतात. प्लगची एक पायरी बदलली की टोकाच्या तापमानात ढोबळमानाने ७० ते १०० अंशांचा फरक पडतो. म्हणजे दोन पायऱ्या खाली उतरणं ही साधी गोष्ट नाही.

नंबरांचा घोळ

एनजीके, डेन्सो, बॉश, चॅम्पियन या प्लग बनवणाऱ्या कंपन्या. एनजीकेचा नंबर वाढला की प्लग थंड. बीकेआर६ई पेक्षा बीकेआर७ई एक पायरी थंड. डेन्सोचंही तसंच, फक्त आकडे वेगळे: एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२, ८ म्हणजे २४. बॉश आणि चॅम्पियनचं मात्र नेमकं उलटं. तिथं नंबर वाढला की प्लग गरम. एनजीकेच्या ६ ला बॉशचा ७ लागतो, आणि ५ ला बॉशचा ८. आता कुणी ऐकीव माहितीवर "आठ नंबरी थंड असतो" म्हणून बॉशचा ८ आणून लावला, तर तो कंपनीच्या प्लगपेक्षाही एक पायरी गरम प्लग लावून मोकळा झाला. असं एकदा माझ्यासमोर घडलंय. प्लग डब्यातून काढून मी कोड वाचला म्हणून इंजिन वाचलं.

मामाच्या पिढीचा घोळ आणखी वेगळा. त्यांच्या तोंडी अजून 'मायको प्लग' असतो. बॉशची बंगळूरची मायको कंपनी, तिचं नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं. त्या जुन्या प्लगांवर डब्ल्यू१७५, डब्ल्यू२२५ असे आकडे असायचे आणि तिथं मोठा आकडा म्हणजे थंड. म्हणजे एकाच घराण्यात आधी मोठा आकडा थंड होता, नंतर लहान आकडा थंड झाला. म्हणून मामा "मोठा नंबर घे" म्हणाला की मी विचारतो, कुठल्या सालातला मोठा?

कोडमधली बाकीची अक्षरंही वाचायला शिका, ती नंबराइतकीच महत्त्वाची. बीकेआर६ई-११ घ्या. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, के म्हणजे १६ चा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ ही उष्णतेची पायरी, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, आणि शेवटचे ११ म्हणजे गॅप, ठिणगी उडते ती फट, १.१ मिलिमीटर. पायरी आणि गरज पडली तर गॅप, एवढं सोडून यातलं काहीही बदलायचं नाही. आट्यांची लांबी जास्त झाली तर प्लग पिस्टनला भेटतो. कमी झाली तर हेडचे उघडे राहिलेले आटे कार्बननं भरतात, आणि पुढच्या वेळी बरोबर लांबीचा प्लग बसवताना आटे जातात. रेझिस्टर नसलेला रेसिंगचा प्लग ईसीयू असलेल्या गाडीत लावला तर सेन्सरच्या सिग्नलांत गोंगाट होतो. मग एक दिवस भलत्याच वायरीचा दोष शोधण्यात जातो.

अजून एक. "माझ्या स्कूटरला आठ नंबर आहे आणि कारला फक्त सहा?" असं पोरं विचारतात. हवेवर थंड होणाऱ्या, जोरात फिरणाऱ्या छोट्या इंजिनांना ८ नंबर कंपनीकडूनच येतो. त्यांचं हेडच जास्त तापतं. तो आकडा म्हणजे छातीवर लावायचं पदक नाही.

कुणाला लागतो, कुणाला नाही

एअर फिल्टर बदलला, एक्झॉस्ट मोकळा केला, आवाज वाढला. कंपनीचाच प्लग ठेवा. एवढ्यानं सिलिंडरमधली उष्णता फारशी वाढत नाही.

टर्बो गाडीला फक्त रिमॅप आहे आणि गाडी शहरातच फिरते, आठवड्यातून एकदा हायवेला जाते. इथंही मी सहसा त्याच पायरीचे नवे प्लग लावतो, फक्त गॅप कमी करून. रिमॅपसोबत मोठा इंटरकूलर (आत जाणारी हवा थंड करणारा), डाउनपाइप (टर्बोमागचा मोकळा एक्झॉस्ट पाइप), वाढवलेला बूस्ट (टर्बो आत कोंबतो त्या हवेचा दाब) आहे आणि गाडी घाटात किंवा ट्रॅकवर मिनिटामिनिटाला पूर्ण ॲक्सिलरेटरवर चालते, तर एक पायरी थंड. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलंय आणि गाडी स्पर्धेत पळते, तरीही एकच. दोन पायऱ्यांचं काम ट्रॅकसाठीच बांधलेल्या इंजिनात असतं, आणि तशा गाड्या माझ्याकडं वर्षात मोजून दोन-तीन येतात.

एक ढोबळ नियम ऐकायला मिळतो: ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढली की एक पायरी थंड. नियम चुकीचा नाही, पण तो मोठ्या इंजिनांच्या हिशेबातला आहे. आठ सिलिंडरच्या इंजिनात ८० हॉर्सपॉवर वाढली तर एका सिलिंडरच्या वाट्याला १० आली. आपल्याकडच्या चार सिलिंडरच्या १.२ लिटर टर्बोत १०५ ची १४० केली तर वाढ ३५ चीच दिसते, पण एका सिलिंडरच्या वाट्याला जवळजवळ ९ येते. तीन सिलिंडरच्या १ लिटर इंजिनात ११० ची १४० केली तर थेट १०. म्हणून मी एकूण वाढ बघत नाही, सिलिंडरमागे किती वाढली ते बघतो. कागदावर हा हिशेब करा, पण शेवटचा निकाल उघडलेल्या प्लगाकडूनच घ्या.

आता माझी फजिती. २००५ चा उन्हाळा. ८५ हॉर्सपॉवरची एस्टीम, हेड मामाच्याच मशीनवर घासलेलं, कॅम बदललेला, प्लग ६ नंबरचे. निपाणीच्या रस्त्याला पहाटे ती पाचव्या गिअरात बराच वेळ ताणली. रस्त्यावर असलं काही करायचं नसतं, ही अक्कल नंतर आली. अचानक दम गेला, मागं निळा धूर. हेड उघडलं तर तिसऱ्या पिस्टनला भोक आणि तिसऱ्या प्लगची अर्थची पट्टी, मधल्या टोकासमोर वाकलेली असते ती, वितळून गायब. मी निदान केलं: प्लग गरम पडला. नवा पिस्टन टाकला आणि थेट ८ नंबरचे प्लग लावले. पुढचे पंधरा दिवस गाडी महाद्वार रोडच्या गर्दीत सारखी मिसिंग करायची. दर दोन दिवसांनी काळेकुट्ट प्लग काढून ब्रशनं घासायचो आणि स्वतःला समजवायचो की रेसिंग गाडी अशीच असते. महिन्यानं त्याच रस्त्यावर तोच तिसरा पिस्टन पुन्हा गेला.

मामानं काही न बोलता पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज लावला. गाडी उभ्या-उभ्या चालू असताना काटा बरोबर. ॲक्सिलरेटर पूर्ण देऊन लोड टाकला की काटा खाली. फिल्टर गंजानं कोंदला होता, आणि त्यात तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोटी, निम्मा बंद. मिश्रण लीन झालं होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, म्हणून नॉकिंग (मिश्रण स्वतःहून भडकणं), म्हणून उष्णता, म्हणून पट्टी वितळली. "ताप आला म्हणून थर्मामीटर बदललास, लेका," एवढंच मामा बोलला आणि लेथकडं गेला.

तेव्हापासून माझा क्रम ठरला तो असा, आणि तो मी गिऱ्हाइकाच्या घाईसाठी मोडत नाही. पहिलं, पेट्रोलचं प्रेशर पूर्ण लोडवर. दुसरं, मिश्रण: पूर्ण ॲक्सिलरेटरवर पेट्रोलच्या मापात हवा-इंधनाचं प्रमाण (एक भाग पेट्रोलला वजनानं किती भाग हवा) १२ ते १२.५ च्या आसपास असावं, टर्बोत सहसा त्याहूनही रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं आणि त्याला तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त लागतं. त्यामुळं जुन्या पेट्रोलवर बनवलेला रिमॅप पूर्ण लोडवर लीन जात नाही ना, हे पुन्हा तपासून घ्या. तिसरं, टायमिंग आणि नॉक: ईसीयू किती अंश टायमिंग, म्हणजे ठिणगी पाडायची वेळ, मागं ओढतोय ते स्कॅनरवर बघा. रिमॅप जास्त ऑक्टेनच्या (नॉकिंग जास्त सोसणाऱ्या) पेट्रोलसाठी बनवलाय आणि मालक साधं पेट्रोल भरतोय, हे तर दर आठवड्याला निघतं. नॉकिंगवर थंड प्लग हे औषध नाही. नॉकिंगमध्ये ठिणगी वेळेवरच पडते, उरलेलं मिश्रण नंतर स्वतःहून भडकतं. त्याला ऑक्टेन, टायमिंग आणि आत जाणारी थंड हवा लागते. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणाऱ्या, टर्बो गाड्यांत कमी आरपीएमवर जो एकदम दणका बसतो, त्यामागंही बऱ्याचदा सिलिंडरात शिरलेले ऑइलचे थेंब असतात. तिथं ऑइलचा ग्रेड बघा, आणि पाचव्या गिअरात १५०० आरपीएमवर पाय दाबून धरायची सवय सोडा. हे सगळं ठीक निघालं, तरच चौथ्या नंबरला प्लगची पायरी.

गॅप वेगळा, पायरी वेगळी

निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. बूस्ट वाढला की सिलिंडरमधली हवा दाट होते, आणि दाट हवेतून ठिणगी उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. ते व्होल्टेज देणाऱ्या कॉइलची ताकद तेवढीच. मग चौथ्या गिअरात, ३००० च्या पुढं, पूर्ण ॲक्सिलरेटरवर गाडी हिसके देते आणि इतर वेळी लोण्यासारखी चालते. मालक म्हणतो, प्लग गरम पडला. प्लग गरम पडलेला नसतो, ठिणगी विझत असते.

साध्या गाडीत १.० ते १.१ मिलिमीटर गॅप असतो. वाढवलेल्या बूस्टवर मी ०.७ ते ०.८ ठेवतो. त्याहून कमी केला तर ठिणगी इतकी छोटी होते की गाडी उभी असताना थरथरते. गॅप तारेच्या गेजनं मोजा. नाण्यासारखं गोल, कडेला चढ असलेलं गेज मिळतं, ते इरिडियम धातूचं बारीक टोक असलेल्या महागड्या प्लगला लावायचं नाही. इरिडियमचं मधलं टोक ०.६ मिलिमीटर जाडीचं, काहींत ०.४ चं. त्या गेजचा दाब बसला की तुटतं, आणि तुटलेलं दिसतही नाही. वाकवायची ती फक्त अर्थची पट्टी, तीही ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. तेवढ्यात भागत नसेल तर कमी गॅपचाच प्लग मागवा.

चाचणीसाठी मी साधे निकेलचे प्लग वापरतो, ज्यांना दुकानात 'कॉपर' म्हणतात. गाभा तांब्याचा असतो, टोक निकेलचं. इरिडियमवाल्याच्याही पोटात तांबंच असतं. साधे स्वस्त पडतात आणि गॅप बदलताना भीती वाटत नाही. पायरी नक्की झाली की मग महागाचे इरिडियम घ्या.

खरेदीबद्दल थोडंसं. नकली प्लग बाजारात भरपूर आहेत, मुंबईच्या ऑपेरा हाऊसपासून गावच्या दुकानापर्यंत सगळीकडं. मधलं टोक पट्टीच्या मधोमध नसेल, चिनीमातीवरची अक्षरं नखानं निघत असतील, वॉशर हातानं सहज फिरून बाहेर येत असेल, तर परत द्या. हातातून फरशीवर पडलेला प्लगही लावू नका. चिनीमातीला आतून तडा गेला तर बाहेरून कळत नाही.

लावताना

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना प्लग काढला तर त्याच्यासोबत आटेही निघतात, आणि मग हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) टाकायला मामाकडं यावं लागतं. कॉइल काढली की प्लग सैल करण्याआधी तो बसतो त्या खोल विहिरीत हवा मारा. माती, पानं, कधी मेलेलं झुरळ निघतं, ते सिलिंडरात जायला नको. नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात खोचून हातानं आत फिरवा. अडला की मागं घ्या आणि परत सुरू करा, पान्यानं जोर देऊ नका.

मग टॉर्क रेंच, म्हणजे किती जोरानं घट्ट केलं ते दाखवणारा पाना. वॉशरवाला १४ मिलिमीटरचा प्लग ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरचा १५ ते २०. रेंच नसेल तर हातानं टेकेपर्यंत घट्ट करून नवा वॉशर असलेला प्लग आणखी अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा फिरवा. निमुळत्या सीटच्या, वॉशर नसलेल्या प्लगला फेऱ्याचा सोळावा भागच पुरतो. आट्यांना ग्रीस, कॉपर पेस्ट असलं काही लावू नका. आट्यांवर कंपनीचा मुलामा असतोच. वरून पेस्ट लावली की घर्षण कमी होतं आणि रेंचनं २५ दाखवलं तरी प्लग त्यापेक्षा बराच जास्त ताणला जातो.

टॉर्कवर मी एवढा अडून बसतो त्याचं कारण तीच बादली. उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः वॉशर आणि आट्यांतून. सैल राहिलेला ७ नंबरचा प्लग घट्ट बसलेल्या ६ नंबरपेक्षा जास्त तापू शकतो. म्हणजे पैसे थंड प्लगचे दिले आणि लावला गरम.

प्लग वाचायचा कसा

जुन्या पुस्तकांत कॉफीच्या रंगाची चिनीमाती दाखवतात. आजच्या पेट्रोलवर आणि ईसीयूवर तो रंग यायला फार वेळ लागतो, कधीकधी येतच नाही. म्हणून मी रंगाआधी अर्थची पट्टी बघतो. नव्या प्लगाच्या पट्टीवर उष्णतेनं एक रेघ उमटते; रेघेच्या एका बाजूला धातूचा रंग बदललेला, दुसऱ्या बाजूला तसाच. ही रेघ पट्टीच्या वळणापाशी, साधारण मध्यावर असेल तर पायरी बरोबर. रेघ पट्टीच्या टोकाकडं असेल तर प्लग गरजेपेक्षा थंड. पट्टी जिथं बॉडीला जोडलीय त्या मुळाशी असेल तर प्लग गरम.

चिनीमातीकडं दुसऱ्या नंबरला बघा, भिंगातून. कोरडी काजळी म्हणजे प्लग थंड किंवा मिश्रण रिच, आणि दोन्हींत फरक करायला स्कॅनर लागतो. ओला काळा तेलकट थर म्हणजे पिस्टनची रिंग किंवा वॉल्व्हची सील गेलीय आणि ऑइल आत येतंय. तिथं प्लगचा काही दोष नाही. पांढरीफटक, साखरेसारखी खरखरीत, फोड आलेली चिनीमाती दिसली तर गाडी तिथंच थांबवा. मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चकचकीत बारीक मणी दिसले तर ते नॉकिंग. मणी तुमच्या पिस्टनचंच ॲल्युमिनियम असतं. बाहेरच्या चिनीमातीवर, षटकोनाच्या लगेच वर, तपकिरी कडं दिसलं की लोक म्हणतात गॅस गळतोय. गळत नसतो. जास्त व्होल्टेजमुळं हवेतले तेलाचे कण तिथं येऊन चिकटतात, एवढंच.

नीट वाचन डायनोवरच (गाडी रोलरवर उभी चालवून ताकद मोजतात ते मशीन) होतं: नवे प्लग लावायचे, पूर्ण लोडची एक फेरी, लगेच इंजिन बंद आणि प्लग बाहेर. रस्त्यावर चालत्या गाडीचं इंजिन बंद करायचं नाही, ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा जोर जातो. डायनो नसेल तर नेहमीच्या रस्त्यावर ३०० ते ५०० किलोमीटर चालवून बघा. वाचन थोडं धूसर येतं, पण येतं. चारही प्लग सिलिंडरच्या क्रमानं कागदावर मांडा. एकच वेगळा दिसत असेल तर दोष प्लगच्या पायरीत नाही, त्या सिलिंडरात आहे. माझ्या एस्टीमनं हेच ओरडून सांगितलं होतं.

गेल्या हिवाळ्यात इचलकरंजीचा एक पोरगा फोक्सवॅगन पोलो घेऊन आला. १.२ टीएसआय, कंपनीतून १०५ पीएस (जवळजवळ तेवढीच हॉर्सपॉवर), सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक. रिमॅप दुसरीकडून करून घेतलेला. तक्रार तीच: घाटात चढावर हिसके. "काका, आठ नंबर टाकूया." मी आधी स्कॅनर लावला. मिश्रण बरोबर, टायमिंग किंचित मागं. जुने प्लग काढले, ४० हजार किलोमीटर झालेले, टोकं झिजून गॅप ०.९ च्या वर गेलेला. त्याच पायरीचे नवे प्लग ०.७ गॅप ठेवून लावले. हिसके बंद. पोरगा खूश, पण माझं समाधान झालं नाही, कारण हा दर शनिवारी गगनबावड्याला जातो आणि घाट पूर्ण पाय देऊन चढतो. ५०० किलोमीटरनी परत बोलावलं. चारही पट्ट्यांवरची रेघ मुळाकडं सरकलेली, चारही एकसारख्या. चिनीमाती पांढरी, पण गुळगुळीत, फोड नाहीत. आता एक पायरी थंड प्लग लावायला कारण होतं, म्हणून लावला. गॅप तोच, टॉर्क तोच. पुढच्या वाचनाला रेघ वळणाच्या जवळ आली.

मग जूनमध्ये पोरगा महिनाभर परगावी गेला आणि गाडी आईच्या हातात राहिली. घर ते बाजार दीड किलोमीटर, बाजार ते घर दीड किलोमीटर, वर पाऊस. तिसऱ्या आठवड्यात चेक लाइट लागला. प्लग काढले तर काजळीनं मखमल झालेले. टोक ४५० अंशांपर्यंत कधी पोचलंच नव्हतं. बरं झालं त्या लगेच आल्या, कारण अशी मिसिंग करत गाडी ओढली की न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो खर्च प्लगच्या कितीतरी पट असतो. त्याचे आधीचे ६ नंबरचे प्लग मी सिलिंडरचे आकडे लिहून खोक्यात जपून ठेवले होते. तेच परत लावले आणि थंड वाल्यांचं खोकं डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून दिलं. पोरगा ऑगस्टमध्ये आला, स्वतःचा टॉर्क रेंच घेऊन आला, आणि माझ्या शेडमध्ये उभं राहून त्यानं स्वतः चारही बदलले. एक प्लग हातातून पडला. तो त्यानं न सांगता कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि नव्याचे पैसे काढले.